180 युरोंची कणीक

शनिवार सकाळ. हापिसातून अजून तरी फोन नाही, चहाचा दुसरा कप हातात आहे आणि बायको शेजारी बसून इटलीच्या सहलीचे फोटो निवडतेय. (2025 च्या दिवाळीची सहल. फोटो निवडणं अजून चालूच आहे. असो.) "हा ठेवू का रे?" म्हणून तिने एक फोटो माझ्यापुढे धरला. त्यात मी आहे. अंगात लाल एप्रन, कपाळाला पीठ आणि दोन्ही हातांत धरलेली कणकेची एक चिंधी. हो, चिंधीच. दुसरा शब्द नाही.

तर मंडळी, आजचा विषय हा की सुट्टीत परक्या गावी जाऊन स्वयंपाकाचा क्लास करावा का? माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांची सुटका होईल. करावा. जरूर करावा. पण जाहिरातीत जी कारणं देतात त्यांपैकी एकाही कारणासाठी नाही.

आता सविस्तर.

आम्ही गेलो होतो बोलोन्याला. रोम, फ्लोरेन्स, व्हेनिस हा आपल्याकडच्या टूर कंपन्यांचा ठरलेला त्रिकोण. बोलोन्या त्याच्या मधोमध असूनही लोक तिथे फक्त गाडी बदलायला उतरतात. या गावाला इटलीत तीन टोपणनावं आहेत: विद्वान, लठ्ठ आणि लाल. विद्वान, कारण इथलं विद्यापीठ 1088 सालचं मानतात. लाल, कारण घरांच्या भिंती आणि कौलं तांबूस (आणि बरीच वर्षं राजकारणसुद्धा त्याच रंगाचं). आणि लठ्ठ, कारण... तेच सांगतोय.

या गावाला खाण्याचा नाद आहे असं म्हणणं म्हणजे आपल्याला क्रिकेट थोडंफार आवडतं असं म्हणण्यासारखं आहे. ताल्यातेल्ले म्हणजे अंड्यात मळलेल्या पिठाच्या लांब पट्ट्या. या पट्टीची रुंदी किती असावी हे 1972 साली ठरवून तिचा सोन्यात केलेला नमुना बोलोन्याच्या व्यापारी मंडळाकडे ठेवलेला आहे. शिजल्यावर रुंदी 8 मिलिमीटर, म्हणजे गावातल्या असिनेल्ली मनोऱ्याच्या उंचीचा 12,270 वा भाग. मनोरा 97.2 मीटरचा. आयटी हमालाला राहवतं होय? फोनवर भागाकार केला. 7.92 मिलिमीटर. आलं की बरोबर!

पुढे 1974 साली तोर्तेल्लिनीच्या सारणाची कृती नोंदवली. 1982 साली रागूची, म्हणजे ताल्यातेल्लेवर घालायच्या मटणाच्या रश्शाची (मटण म्हणजे तिथे गाईचं आणि डुकराचं). या रागूच्या कृतीची सुधारित आवृत्ती निघाली 2023 साली. एक आवृत्ती आणि दुसरी आवृत्ती यांत 41 वर्षं! आमच्याकडे शुक्रवारी संध्याकाळी रिलीज होतो आणि शनिवारी सकाळी त्याची दुरुस्ती. कागदपत्रं कशी ठेवावीत हे या लोकांकडून शिकावं. आणि हो, जगभर मिळणारी 'स्पॅगेटी बोलोनेझ' या कागदपत्रांत कुठेच नाही. रागू खायचा तो ताल्यातेल्लेबरोबर. विषय संपला.

तर अशा गावात आम्ही क्लास लावला. तीन तास, माणशी 90 युरो, दोघांचे 180. रुपयांत 18 हजारांच्या वर. पैसे भरताना बायको एकच वाक्य बोलली. "कणीक मळायला शिकायचे अठरा हजार?" मी म्हटलं, "अनुभव आहे गं तो." (हे वाक्य मी जाहिरातीतूनच उचललं होतं.)

जागा म्हणजे एका जुन्या इमारतीतलं तळमजल्यावरचं स्वयंपाकघर. आम्ही आठ जण. शिकवणाऱ्या बाई साठीच्या पुढच्या, ठेंगण्या, हात मात्र पैलवानाचे. इंग्रजी त्यांना बेताचंच, मदतीला एक तरुण मुलगी होती. बाईंची ओळख करून देताना ती म्हणाली, "या स्फोलीना आहेत." स्फोल्या म्हणजे लाटलेली पातळ पारी, आणि ती हाताने लाटणारी ती स्फोलीना. हा तिथे रीतसर पेशा आहे. ताज्या पास्त्याच्या दुकानांत, हॉटेलांत स्फोलीना नेमतात आणि हे काम शिकवणाऱ्या शाळाही आहेत.

आता कृती. 100 ग्रॅम मैद्यासारखं बारीक पीठ, त्याला एक अंडं. पाणी नाही, तेल नाही, मीठसुद्धा नाही. लाकडी फळीवर पिठाचं आळं करायचं, मध्ये अंडं फोडायचं, काट्याने फेटत फेटत कडेचं पीठ आत घ्यायचं. माझं आळं दुसऱ्याच मिनिटाला फुटलं आणि अंडं फळीवरून धावत सुटलं. मग दहा मिनिटं तळहाताच्या टाचेने मळायचं, आणि झाकून अर्धा तास मुरू द्यायचं.

इथवर आपल्याला काहीच नवीन नाही. आपली कणीकही मुरावी लागते, आणि कारणही तेच. मळताना गव्हातल्या प्रथिनांची जाळी तयार होते, ती सुरुवातीला ताणलेली असते, लाटायला गेलं की आखडते. थोडा वेळ गेला की सैलावते. फरक इतकाच की त्यांच्या पिठात कोंडा नसतो आणि पाण्याचं काम अंडं करतं. उत्तर इटलीत हा मऊ गहू आणि अंडं. दक्षिणेत कडक गव्हाचा रवा आणि पाणी. दुकानात पुड्यात मिळणारा सुका पास्ता तर कडक गव्हाचाच असला पाहिजे असा इटलीत 1967 सालचा कायदा आहे. हा कडक गहू म्हणजे आपला बन्सी. आणि तिथे 'फार्रो' म्हणून जे धान्य कौतुकाने विकतात ते म्हणजे आपली खपली! सांगली-साताऱ्याकडची, खिरीची. मी दुकानात ती पाकिटं बघून खुळ्यासारखा हसत उभा होतो.

खरी गंमत पुढे. लाटणं आलं. त्याला मात्तारेल्लो म्हणतात. जवळजवळ हातभर... नाही, त्याहूनही लांब, बिनमुठीचं, सरळ. पोळपाट म्हणजे टेबलाएवढी फळी. दाबून लाटायचं नाही. पारी लाटण्याभोवती गुंडाळायची आणि तळवे मधून बाहेर नेत नेत ती रुंद करायची, अर्धी फळीच्या कडेवरून खाली लोंबत ठेवायची म्हणजे तिचं वजनच तिला ताणतं. किती पातळ? बोलोन्यात म्हणतात, पारीतून सान लुका दिसलं पाहिजे. सान लुका म्हणजे गावाबाहेरच्या टेकडीवरचं देऊळ, ज्याच्यापर्यंत 666 कमानींची सलग ओवरी जाते.

माझ्या पारीतून सान लुका दिसलं. कारण तिला मोठं भोक पडलं होतं :)

बाई आल्या. काही बोलल्या नाहीत. माझ्या मागे उभं राहून त्यांनी माझे हात आपल्या हातांखाली घेतले आणि लाटू लागल्या. "पियानो, पियानो." म्हणजे हळू, हळू. आणि त्या अर्ध्या मिनिटात मला जे कळलं ते आधी पाहिलेल्या वीसेक व्हिडिओंत कळलं नव्हतं. जोर लाटण्यावर द्यायचाच नाही. जोर पुढे जातो. मनगट मोकळं, खांदा खाली, आणि पारी कुठे जाड आहे ते डोळ्याने नाही, तळव्याने ओळखायचं. हे कसं लिहून काढणार? मी आत्ता प्रयत्न केला आणि बघा, तुम्हाला काही कळलं का? नाही ना? तेच म्हणतोय.

आमच्या धंद्यात एक ठाम समजूत आहे की जे नीट समजलंय ते नीट लिहून काढता येतं, आणि जे लिहून काढता येत नाही ते समजलेलंच नाही. आई "अंदाजाने घाल" म्हणायची तेव्हा मी चिडायचो. अंदाज म्हणजे किती ग्रॅम? बोलोन्याने तर सगळं लिहून ठेवलंय, अगदी सोन्यात. तरीही त्या सोन्याच्या पट्टीवरून कुणाला ताल्यातेल्ले करता येणार नाहीत. त्याला ते बाईंचे हात लागतात. लिहिलेलं आणि हाताला कळलेलं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपण पगार पहिल्या गोष्टीला देतो.

इथे एक जुनी गोष्ट सांगायलाच हवी. इटालियन घरगुती स्वयंपाकाचं सर्वांत गाजलेलं पुस्तक पेल्लेग्रिनो आर्तुझी यांचं, 1891 सालचं. हे आर्तुझी आचारी नव्हते, रेशमाचे व्यापारी होते. पुस्तक स्वखर्चाने छापलं. त्यांच्या घरी मारिएत्ता साबातिनी नावाची स्वयंपाकीण आणि फ्रांचेस्को रुफिल्ली नावाचा आचारी होता. पदार्थ करून बघायचे ते या दोघांनी. पुस्तकावर नाव आर्तुझींचं. पण 1911 मध्ये ते वारले तेव्हा त्यांनी पुस्तकाचे हक्क मृत्युपत्रात या दोघांना दिलेले निघाले. आज आर्तुझींच्या गावी, फोर्लिंपोपोलीत, बायका स्फोल्या शिकवतात त्यांच्या संस्थेचं नाव मारिएत्तावरून आहे. शंभर वर्षं लागली, पण हाताला नाव मिळालं.

क्लासकडे परत येतो. मुरलेली कणीक लाटून आम्ही ताल्यातेल्ले कापले आणि रिकोत्ता चीज-पालकाच्या सारणाचे तोर्तेल्लोनी वळले. चौकोनी पारी, मधे सारण, तिरकी घडी, मग दोन टोकं बोटाभोवती जुळवायची. बायकोने पहिलाच असा वळला की बाई थांबून बघायला लागल्या. "तू आधी केलेत?" बायको म्हणाली, "करंज्या." त्या मुलीला भाषांतर जमेना. मग बायकोने एका पारीची करंजी करून, कडेला मुरड घालून दाखवली. बाईंनी ती हातात घेतली, उलटीसुलटी केली, आणि स्वतः एक करून बघितली. पहिली बिघडली! दुसरी जमली. त्या तीन तासांतले सर्वांत चांगले पाच मिनिटं कुठले विचाराल तर हे. (दिवाळीत आम्ही घरी नव्हतो, त्यामुळे आमची त्या वर्षीची पहिली करंजी बोलोन्यात, पालकाची.)

शाकाहारी मंडळींसाठी जाता जाता: पारीत अंडं असतं, आणि अस्सल पार्मिजानो चीज वासराच्या जठरातल्या रेनेटने विरजतात. कडक पाळत असाल तर आधी विचारा. क्लासवाले मुद्दाम सांगत नाहीत.

जेवायला बसल्यावर मी बाईंना विचारलं, हे किती वर्षं करताय? त्या म्हणाल्या, दुकानात तीस वर्षं, रोज पहाटेपासून. आणि आता? आता शिकवते, कारण उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं. त्यांनी ब्लाउजवरूनच खांद्याला हात लावून दाखवला आणि हसल्या. आम्ही आठ जणांनी टाळ्या वाजवल्या. का ते मला अजून कळलं नाही. बहुतेक दुसरं काय करावं सुचलं नाही म्हणून.

आणि त्या टाळ्या वाजवताना मला एक मनगट आठवलं.

पुण्यात आमच्याकडे सकाळी पोळ्या करायला मावशी येतात. आठवड्याचे सहा दिवस, रोज दहा पोळ्या. घडीची पोळी, तिला तीन पदर, आणि फुगली की पदर सुटे. बाईंनी सान लुका दाखवलं असतं तर मावशींनी पर्वती दाखवली असती. पाच वर्षं येतायत. त्यांच्या उजव्या मनगटाला गेलं वर्षभर क्रेप बँडेज आहे. ते मला रोज दिसतं. त्यावर मी आजवर एकच प्रश्न विचारला होता. "उद्या याल ना?"

महिन्याला आम्ही 1800 रुपये देत होतो. त्यांनी 2000 मागितले होते. आम्ही दोघांनी, दोघंही आयटीत, सोफ्यावर बसून चर्चा केली आणि 'सोसायटीत काय रेट चालू आहे' ते विचारून 1800 वर आणलं. त्याला आम्ही वाजवी म्हटलं होतं. आता हिशोब करा. क्लासचे 180 युरो म्हणजे मावशींचा दहा महिन्यांचा पगार. दहा महिने, साधारण 2600 पोळ्या. आणि समोर काय? एक चिंधी आणि एक फोटो.

बायकोला रात्री हॉटेलवर हे सांगितलं तर ती म्हणाली, "तुझा हिशोब चुकतोय." तिचं म्हणणं ऐकण्यासारखं होतं. एक, युरोपातले भाव आणि पुण्यातले भाव असे शेजारी ठेवता येत नाहीत. दोन, आपण कणकेचे पैसे दिले नाहीत. जागा, भाषांतर, वाइन, सुट्टीचा मूड, सगळ्याचे दिले. तीन, मावशींना आपल्याकडे वीस-पंचवीस मिनिटं लागतात, त्या अजून चार घरी जातात. तिन्ही मुद्दे बरोबर आहेत. मी मान्य केले. पण एक मुद्दा उरतो आणि तो पैशाचा नाही. बोलोन्यात मी त्या बाईंसमोर शिष्य म्हणून उभा होतो. चुकलो तर ओशाळत होतो. घरी तीच विद्या रोज सकाळी माझ्या ओट्यापाशी उभी असते, आणि मी तेव्हा फोनवर 'जरा लवकर होईल का' एवढंच म्हणतो.

लगेच कुणी म्हणेल, म्हणजे इटलीत बायकांच्या हाताला मान आणि आपल्याकडे नाही. इतकं सोपं नाही. तिथेही शेकडो वर्षं हे काम घरातल्या बाईचं, फुकटचं होतं. रोमान्याकडे घर चालवणाऱ्या बाईला 'आझ्दोरा' म्हणत. मान होता, पगार नव्हता. हे अगदी आपल्या ओळखीचं आहे. फरक पडला तो या कामाला नाव मिळालं, मोजमाप मिळालं, दुकानात दर मिळाला तेव्हा. आपल्याकडे शब्दच बघा: 'पोळीवाली'. भाजीवाली, कचरेवाली, पोळीवाली. एका माणसाच्या कौशल्याचं नाव नाही ते, सोयीचं नाव आहे.

आणि एक योगायोग. डिसेंबर 2025 मध्ये युनेस्कोने इटालियन स्वयंपाकाला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. बैठक कुठे होती? दिल्लीत, लाल किल्ल्यात! त्याच बैठकीत आपली दिवाळीही यादीत गेली. आमच्या ग्रुपवर दिवाळीच्या अभिनंदनाचे दीडशे निरोप आले. मीही एक ढकलला. मग वाटलं, दिवाळी वारसा आहे तर चकल्या-करंज्या करणारे हातही त्यातच आले की. त्यांना कुणी निरोप पाठवला?

असो. भाषण पुरे. आता कामाचं. सुट्टीत क्लास करणार असाल तर माझे चार आणे:

दहापेक्षा जास्त माणसं असतील तर जाऊ नका. गर्दीत हात हातात घेऊन कुणी शिकवत नाही, आणि त्याशिवाय बाकी सगळं व्हिडिओत असतं.

तीन तासांत पाच पदार्थ शिकवतो म्हणणाऱ्यापासून लांब राहा. एक कणीक, दोन आकार, एवढं पुष्कळ झालं.

लाटायचं मशीन असेल तर विचार करा. बाईंच्या मते लाकडावर लाटलेली पारी थोडी खरखरीत राहते आणि रस धरून ठेवते. ते असो, पण मशीनचं हँडल फिरवायला 90 युरो नकोत.

आणि पदार्थ घरी करून मित्रांना खिलवायचा बेत असेल तर... करा, पण मोठ्या अपेक्षा ठेवू नका. मी पुण्यात येऊन दोनदा ताल्यातेल्ले केले. रुंदी 8 ते 23 मिलिमीटर.

क्लासमधून पदार्थ शिकून येत नाही हो कुणी. येते ती एक नजर. ती घरी आल्यावर पहिल्यांदा कुठे वळते यावर 90 युरो वसूल झाले की नाही ते ठरतं. प्रमाणपत्र फ्रिजवर लावून संपलं, तर ती महागडी वाइन होती एवढंच.

आमचं काय झालं ते सांगून थांबतो. आल्यावर मावशींचे 2500 केले, महिन्याला दोन भरपगारी सुट्ट्या ठरवल्या आणि मनगट हाडांच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी तीन आठवडे लाटणं बंद सांगितलं. त्या तीन आठवड्यांचा पगार दिला. (हे पुण्य म्हणून लिहीत नाहीये. हापिसात मला ताप आला तरी पगार मिळतो, त्याला कुणी पुण्य म्हणत नाही.) त्या तीन आठवड्यांत पोळ्या मी केल्या. बायकोने डबा नेणं बंद केलं.

परवा मावशींनी माझी एक उरलेली पोळी डब्यात पाहिली. हातात घेऊन वाकवली, ती तुटली. म्हणाल्या, "दादा, तवा तापायच्या आधीच टाकता तुम्ही. वाळते ती, भाजत नाही." पाच वर्षांत त्यांनी मला सांगितलेली ही पहिली गोष्ट. कारण मी पहिल्यांदाच विचारण्यासारखं काही केलं होतं.

मी म्हटलं, "मावशी, शिकवाल का मला? फी देईन."

त्या हसल्या. "पोळ्या शिकायला कुणी पैसे देतं का, दादा?"

"देतात," मी म्हटलं. "मी दिलेत."

उद्या रविवार. दहा वाजता क्लास आहे. कणीक मी मळून ठेवायची, असं बजावून गेल्यात.